पाटी ते पंच: सामाजिक टीका करणारं पहिलं मराठी स्किट कसं करायचं

‘इमारतीत कामासाठी येणाऱ्या सर्व व्यक्तींनी मागील लिफ्टचा वापर करावा. – हुकुमावरून.’

पुण्यात, ठाण्यात, नाशकात अशा पाट्या लिफ्टशेजारी दिसतात. वाचायला सभ्य. कुणाची जात नाही, पगार नाही, कामाचं नावही नाही. तरी ती कोणासाठी आहे हे पाटी लावणाऱ्यालाही कळतं आणि मागच्या लिफ्टकडे वळणाऱ्या ताईंनाही. पाटी लिहिणाऱ्याला जे म्हणायचंय ते लिहायची त्याला लाज वाटते. स्किटने त्याच्याकडून ते वदवून घ्यायचं, एवढंच आपलं काम.

हीच एक पाटी धरून तीन मिनिटांचं स्किट कागदापासून अपलोडपर्यंत कसं न्यायचं ते पुढे दिलं आहे. हातात फोन आहे, तीन-चार जण जमतात, कॉलेजात एखादी एकांकिका केली असेल-नसेल, अशांसाठी हे आहे. कायद्याचा भाग वाचल्याशिवाय कॅमेरा सुरू करू नका, एवढी एकच सक्ती.

१. विषय शोधू नका, कागद शोधा

‘जातीयता’, ‘स्त्री-पुरुष समानता’, ‘भ्रष्टाचार’ हे निबंधाचे विषय झाले. त्यावर स्किट लिहायला बसलात की तिसऱ्या ओळीत भाषण सुरू होतं. त्याऐवजी कुठेतरी खरोखर लिहिलेली एक ओळ शोधा: सोसायटीची पाटी, सरकारी अर्जातला रकाना, भाड्याच्या घराची अट, फॅमिली ग्रुपवरचा मेसेज. ‘जातीची अट नाही, एससी-एसटी क्षमस्व’ ही वधू-वर जाहिरातींतली कुप्रसिद्ध ओळ बघा. पहिल्या अर्ध्या वाक्याला दुसऱ्या अर्ध्याने तिथल्या तिथे खोटं पाडलंय. लेखकाला वेगळं काही करावंच लागत नाही.

ओळ सापडली की तिला तीन प्रश्न विचारा. ती शब्दशः पाळली तर काय होईल? ती लिहिणारा स्वतः तिच्यात सापडतो का? आणि तो सुटायला बघेल तेव्हा त्याला कोणता शब्द उच्चारावा लागेल? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर मिळालं की तुमचा शेवट मिळाला. आपल्या पाटीत ‘काम’ हा शब्द आहे, आणि घरून काम करणारा चेअरमनही कामच करतो.

ही युक्ती काही इंटरनेटने आणलेली नाही. तमाशातल्या बतावणीत (विनोदी संवादांच्या भागात) सोंगाड्या हेच करतो. मालकाचा शब्द प्रामाणिकपणे, तंतोतंत पाळतो आणि मालकाला त्याच शब्दात अडकवतो. तो चिडत नाही, उपदेश करत नाही, आज्ञा पाळतो. आपला वॉचमन असाच लिहायचा.

२. लिहिण्याआधी खाली जाऊन या

दोन संध्याकाळी पुरतात. वॉचमन, दोन-तीन घरकामगार ताई, एखादा डिलिव्हरीवाला, आणि जमलं तर सोसायटीच्या कमिटीवरचं कुणीतरी, एवढ्यांशी बोला. मतं विचारू नका, तपशील विचारा. मागची लिफ्ट कुठून सुरू होते, कचऱ्याच्या ड्रमांशेजारून का? ती बंद असली तर काय करतात? ताई सकाळी किती इमारती करतात, आणि फेऱ्यात किती वेळ जातो? कुत्र्याला फिरवून आणतात तेव्हा त्याला पुढची लिफ्ट चालते का? (हा प्रश्न विसरू नका. उत्तर जे येईल ते स्किटमध्ये जातं.) पाटी आमसभेत ठराव करून लागली, की कुणीतरी रविवारी प्रिंट काढून चिकटवली?

घरकामगारांच्या संघटनांशीही बोला. पुण्यात १९८० सालीच मोलकरणींनी संप केला होता आणि राज्यात घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा २००८ पासून आहे. हे माहीत असलं की ‘बिचारी बाई’ छापाचं पात्र लिहिण्याची चूक आपोआप टळते.

न विचारता रेकॉर्डिंग करू नका. ज्यांचा तासभर घेतलात त्यांना त्या तासाचे पैसे द्या. आणि कुणाचीही हकीकत जशीच्या तशी उचलू नका. सोसायटीतले लोक ती ओळखतात, आणि काम त्या ताईंचं जातं, तुमचं नाही.

३. हशा कोणाच्या नावावर पडतोय ते ठरवा

नवख्यांची स्किट्स इथेच सगळ्यात जास्त फसतात, आणि करणाऱ्यांना ते कळतही नाही. हेतू चांगला, शेवटचा संदेश चांगला, पण मधले सगळे हशे ताईंच्या बोलण्यावर, वॉचमनच्या हिंदीवर, डिलिव्हरीवाल्याच्या गोंधळावर. तीन मिनिटं दुबळ्यावर हसवायचं आणि शेवटच्या दहा सेकंदांत माणुसकी शिकवायची, यातलं प्रेक्षकाच्या लक्षात हसणंच राहतं.

तपासायची रीत सोपी आहे. संहितेत जिथे जिथे हशा अपेक्षित आहे तिथे समासात एक अक्षर लिहा: चेअरमनवर असेल तर ‘चे’, ताईंवर असेल तर ‘ता’. एकही ‘ता’ उरता कामा नये. ताईंनी विनोद करावा, त्यांच्यावर होऊ नये.

आता मराठीतले खास तीन खड्डे.

आडनाव. चेअरमनला एक आडनाव आणि ताईंना दुसरं दिलंत की तुम्ही जात बोललात, मग तुम्हाला ठाऊक असो वा नसो. द्यायची तर विचारपूर्वक द्या. आपल्या स्किटला आडनावांची गरज नाही. सोसायटीत ‘चेअरमनसाहेब’ आणि ‘ताई’ असंच बोलतात. मात्र वेगळा कप, वेगळी लिफ्ट यांमागे जात आहेच. ती पुसून ‘श्रीमंत विरुद्ध गरीब’ एवढंच दाखवणं हेही खोटंच. आडनाव न घेता ती जाणवू द्यायची असेल तर ताईंच्या हातातला वेगळा ठेवलेला कप एकदा दिसू द्या आणि त्यावर कुणीही बोलू नका.

बोली. चेअरमन पुस्तकी मराठी बोलतो आणि ताई वऱ्हाडी किंवा अहिराणी, आणि हशा त्या बोलीवर, हा प्रकार इतका रुळलाय की तो खटकतच नाही. बोली वापरायची तर ती बोलणारा कलाकार घ्या. यूट्यूब बघून उचललेली मालवणी सिंधुदुर्गातला प्रेक्षक दोन वाक्यांत ओळखतो आणि कमेंटमध्ये सालं काढतो.

साडी नेसलेला पुरुष. ‘बायका मिळाल्या नाहीत’ म्हणून केलेलं असेल तर नका करू. तमाशातली मावशीही पुरुषच असते हे खरं, पण तिथे मावशी थेट कृष्णाला उलट उत्तरं देते. तुमच्या स्किटमध्ये ती नुसतीच लचकत असेल, तर परंपरेचं नाव घेऊ नका.

४. संहिता: तीन पानं, त्याहून एकही ओळ जास्त नको

एक पान म्हणजे साधारण एक मिनिट. आपल्या स्किटचा आराखडा असा:

– ०:०० ते ०:१०: चेअरमन पाटी चिकटवतो. चारही कोपरे अंगठ्याने दाबतो. वॉचमनला म्हणतो, ‘नियम म्हणजे नियम. अपवाद नाही.’
– ०:१० ते ०:३५: ताई आणि डिलिव्हरीवाला मागच्या लिफ्टने जातात. इथे विनोद नाही, घाईही नाही.
– ०:३५ ते १:३०: घरी शिकवण्या घेणाऱ्या बाई अडवल्या जातात. मग घरातच ऑफिस थाटलेले सीए.
– १:३० ते २:३५: चेअरमन.
– २:३५ ते ३:००: मागची लिफ्ट.

‘अपवाद नाही’ हे वाक्य पहिल्या दहा सेकंदांत यायलाच हवं, कारण पुढची सगळी इमारत त्यावर उभी आहे. अडवले जाणारे तीनच जण ठेवा. पहिल्याने प्रेक्षकाला खेळ कळतो, दुसऱ्याने तो पक्का होतो, तिसरा त्यात बुडतो. चौथा आणलात की प्रेक्षक तुमच्या पुढे जातो. चेअरमनचा प्रवेश साधारण असा:

वॉचमन: साहेब, मागची लिफ्ट.
चेअरमन: अहो, मी चेअरमन आहे!
वॉचमन: हो साहेब. पण पाटीवर चेअरमन नाही लिहिलेलं, ‘काम’ लिहिलंय. आता वर जाऊन काय करणार?
चेअरमन: साडेसहाला ऑफिसचा कॉल आहे माझा.
वॉचमन: म्हणजे काम.
चेअरमन: अहो, काम म्हणजे हे काम नाही! तसलं काम!
वॉचमन: (वही-पेन काढतो) तसलं म्हणजे कसलं, साहेब? लिहून घेतो. उद्या परत गोंधळ नको.

इथे थांबा. चेअरमन तोंड उघडतो, मिटतो. मागे दोन-चार रहिवासी उभे आहेत, ताईही आहेत. तो सांगू शकत नाही. सगळं स्किट या चार सेकंदांच्या गप्पपणासाठी लिहिलेलं आहे, त्यामुळे तिथे संवाद घालायचा मोह आवरा. मग तो पिशवी उचलून मुकाट मागे वळतो. मागच्या लिफ्टमध्ये ताई आधीच उभ्या. बटणावर बोट ठेवून विचारतात, ‘कितवा मजला, साहेब?’ कट.

हमखास होणाऱ्या चुका: ताई कॅमेऱ्याकडे वळून समतेवर बोलतात, चेअरमनला उपरती होते आणि तो पाटी फाडतो, मागे उदास बासरी वाजते. तिन्ही काढा. खरा चेअरमन पाटी फाडत नाही, सुधारून लावतो. म्हणून नामावली संपल्यावर पाच सेकंदांचं शेपूट जोडता येतं: दुसऱ्या दिवशी नवी पाटी, ‘तसल्या कामासाठी येणाऱ्या सर्व व्यक्तींनी…’ हे शेपूट काहींना मुख्य शेवटापेक्षा जास्त आवडेल. तरी ते शेवटाच्या जागी आणू नका. ताईंचा प्रश्न शेवटचा असू द्या.

संहिता झाली की वाचन करा, मोबाइलवर वेळ लावून. चार मिनिटं भरलं तर बोलण्याचा वेग वाढवू नका, सीएंची दोन वाक्यं कापा. मग पाच अशा लोकांना वाचून दाखवा ज्यांना तुम्ही कोण हे माहीत नाही, त्यात एक घरकामगार आणि एक वॉचमन हवाच. ‘आवडलं का?’ विचारलंत तर सगळे हो म्हणतील. ‘कोणावर हसू आलं?’ विचारा.

५. कायदा: शूटिंगच्या आधी, नंतर नाही

‘सर्व पात्रे काल्पनिक आहेत’ ही ओळ टाकली की सुटलो, असा समज आहे. ओळ टाका, पण ती चिलखत नाही. पात्र, जागा, घटना ओळखू येत असेल तर ओळीचा फारसा उपयोग होत नाही.

१ जुलै २०२४ पासून दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली आहे, त्यामुळे जुन्या लेखांतली कलमं चालत नाहीत. बदनामी आता कलम ३५६, गटागटांत वैर पसरवणं कलम १९६, धार्मिक भावना दुष्ट हेतूने दुखावणं कलम २९९. बदनामीच्या कलमाला अपवाद आहेत. सार्वजनिक हितासाठी सांगितलेलं सत्य आणि सार्वजनिक प्रश्नाबाबतच्या वर्तनावर सद्‌भावनेने मांडलेलं मत हे त्यांतले दोन. पण ते सिद्ध करायला कोर्टात उभं राहावं लागतं, आणि ती पायरीच मुळात शिक्षेसारखी असते. म्हणून खऱ्या सोसायटीचं नाव, खऱ्या पाटीचा फोटो, खऱ्या कमिटीची नावं नकोत. पाटी स्वतः टाइप करा.

माहिती तंत्रज्ञान कायद्याचं ६६अ हे कलम कुणी धमकीत वापरलं तर घाबरू नका. २०१२ साली पालघरमध्ये फेसबुकवरच्या मजकुरावरून दोन तरुणींना अटक झाल्यावर ते कलम देशभर गाजलं, आणि २४ मार्च २०१५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते रद्द केलं. बाकीची कलमं मात्र जागेवर आहेत.

जातिवाचक शब्द खलपात्राच्या तोंडीही घालू नका. ॲट्रॉसिटी कायद्याचा प्रश्न आहेच, पण कलेचाही आहे. आपल्या स्किटमध्ये चेअरमन ‘तसलं’च्या पुढे जात नाही म्हणूनच ते टोचतं. शिवाय पंधरा सेकंदांचा तुकडा कापून, संदर्भ तोडून फिरवणारे असतात. खलपात्राचं सबंध विषारी भाषण लिहिलंत तर उद्या तेच भाषण टाळ्यांच्या आवाजासकट कुणाच्या तरी स्टेटसवर दिसेल. त्याच्या प्रत्येक दोन वाक्यांमागे वॉचमनचं एक वाक्य आलंच पाहिजे.

गणवेश. वॉचमनचा साधा निळा शर्ट चालतो. पोलिसाचं पात्र असेल तर दोन टेकच्या मधल्या वेळेत वरून जॅकेट घाला आणि त्या वेशात चहा आणायला रस्त्यावर जाऊ नका. हेतू फसवणुकीचा नसला तरी बघ्यांना तो कळत नाही.

गाणं. भारतीय कॉपीराइट कायद्यात समीक्षा आणि टीकेसाठी न्याय्य वापराची सवलत आहे, पण विडंबनासाठी वेगळं कलम नाही. त्यामुळे गाजलेल्या चालीवर नवे शब्द बसवले म्हणजे आपलं झालं, असं धरू नका.

याच स्किटचा पुढे रंगमंचावर प्रयोग लावायचा ठरला तर संहिता रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे पाठवून प्रमाणपत्र घ्यावं लागतं. ऑनलाइन व्हिडिओला ते लागत नाही.

नेत्याचं, धर्माचं किंवा जातीचं नाव थेट येणार असेल तर संहिता वकिलाला दाखवा. व्हिडिओ तयार झाल्यावर दाखवलात तर तो फक्त काय कापायचं तेच सांगू शकतो.

६. कागदपत्रं: फाइल आधी करा

– कलाकारांचं संमतीपत्र: नाव, तारीख, कोणकोणत्या माध्यमांवर वापरणार, मानधन किती किंवा नाही. मित्र असले तरी घ्या. भांडणं मित्रांतच होतात.
– जागामालकाचं पत्र. सोसायटीच्या आवारात शूट असेल तर सेक्रेटरीचं लेखी ना-हरकत पत्र. तोंडी ‘करा की’ म्हणणारे व्हिडिओ गाजल्यावर ‘आम्हाला विचारलंच नाही’ म्हणतात.
– संहितेची तारीख घातलेली पीडीएफ, लेखकांची नावं आणि उत्पन्न आलं तर वाटणी कशी, याची एक ओळ.
– वापरलेल्या प्रत्येक संगीताच्या परवान्याचा स्क्रीनशॉट.
– लहान मूल असेल तर पालकांची लेखी संमती आणि जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी. दिवसाला कमाल पाच तास काम, सलग तीन तासांहून जास्त नाही.
– सार्वजनिक जागेची परवानगी. महाराष्ट्रात फिल्म सेलच्या एक खिडकी पोर्टलवरून अर्ज करता येतो. लोकल आणि रेल्वे स्टेशनसाठी रेल्वेकडे जावं लागतं, तर रायगड, शिवनेरीसारख्या किल्ल्यांसाठी पुरातत्त्व खात्याकडे. पहिल्या स्किटला या फंदात पडू नका. पार्किंग, जिना, लॉबी यांत भागवा.

जागामालकाला एक गोष्ट स्पष्ट सांगा: व्हिडिओवरचा राग कधी कधी जागेवर निघतो. मार्च २०२५ मध्ये मुंबईत खारमधल्या एका कॉमेडीच्या जागेची तोडफोड झाली तेव्हा कार्यक्रम केव्हाच होऊन गेला होता आणि कलाकार शहरातही नव्हता. मालकाने लेखी सांगितल्याशिवाय श्रेयनामावलीत जागेचं नाव टाकू नका.

७. शूटिंग: लिफ्ट हा सेट म्हणून वाईट आहे

स्टीलच्या भिंतींत कॅमेरा आणि कॅमेरामन दोघं दिसतात, आतली लाइट लुकलुकते, दार धरून ठेवलं की ती बोंबलायला लागते, आणि वर सहाव्या मजल्यावर कुणीतरी बटण दाबून उभं असतं. म्हणून लिफ्टचं फक्त दार वापरा. उघडतं, बंद होतं, वर आकडे बदलतात, एवढे तीन शॉट दुपारी दोन ते चारच्या दरम्यान घ्या. वर्दळ कमी असते. आतला प्रवेश एखाद्या कोपऱ्यात दोन करड्या लॅमिनेटच्या शीट उभ्या करून घ्या. चौकट कंबरेच्या वर ठेवली की कुणाला कळत नाही.

साहित्य: एक फोन, ट्रायपॉड, दोन कॉलर माइक (साधा वायरचा हजार रुपयांच्या आतबाहेर मिळतो), पांढरा थर्मोकोल, दोन जाड गोधड्या, पॉवर बँक, रिकामी केलेली किमान ३० जीबी जागा.

फोनची सेटिंग: १०८० पिक्सेल, सेकंदाला २५ फ्रेम, शटर १/५०. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची आहे. ३० फ्रेमवर फोन स्वतः शटर ठरवायला लागला की ट्यूबलाइटखाली पट्टे सरकताना दिसतात, आणि ते एडिटमध्ये जात नाहीत. ही मोकळीक फोनच्या कॅमेऱ्यात नसेल तर ब्लॅकमॅजिकचं कॅमेरा ॲप फुकट आहे. फोकस आणि एक्सपोजर लॉक करा, नाहीतर पात्र हललं की उजेड हलतो.

आवाजाला चित्रापेक्षा जास्त जपा. चित्र थोडं खराब असलं तर प्रेक्षक बघतो, आवाज खराब असला तर निघून जातो. लॉबी घुमते, म्हणून चौकटीबाहेर गोधड्या टांगा. पंखा आणि पाण्याचा पंप बंद करा, पंपाची वेळ वॉचमनला आदल्या दिवशीच विचारा. माइक दुसऱ्या फोनमध्ये वेगळा रेकॉर्ड करत असाल तर प्रत्येक टेकच्या सुरुवातीला टाळी वाजवा, जुळवायला तीच उपयोगी पडते. रेकॉर्डिंगच्या मीटरवर आवाजाची शिखरं उणे १२ डेसिबलच्या आसपास ठेवा. शेवटी सगळ्यांना गप्प उभं करून लॉबीचा नुसता आवाज ३० सेकंद घ्या. चेअरमनच्या त्या चार सेकंदांत तोच घालायचा आहे. तिथे पूर्ण शांतता टाकलीत तर फोन बिघडल्यासारखं वाटतं.

शॉटची यादी आधी लिहा. तीन मिनिटांना २० ते २५ शॉट, सहा-सात तास. आधी सगळ्यांचा एक रुंद शॉट सलग घ्या, मग वॉचमनचे सगळे जवळचे, मग चेअरमनचे. ऐकणाऱ्या चेहऱ्यांचे शॉट विसरू नका. हशा बोलणाऱ्यावर नाही, ऐकणाऱ्यावर फुटतो.

एकांकिका केलेल्यांसाठी वेगळी सूचना: पुरुषोत्तम करंडकाचा (कॉलेजच्या एकांकिका स्पर्धेचा) आवाज घरी ठेवून या. शेवटच्या रांगेपर्यंत पोचायचं नाही, हातभर अंतरावरच्या माइकपर्यंत पोचायचंय. वॉचमन जितका साधा बोलेल तितका चेअरमन हास्यास्पद होईल.

८. एडिट आणि सबटायटल

एडिटिंगसाठी संगणकावर दाविंची रिझॉल्व्हची फुकट आवृत्ती पुरते. फोनवरची काही फुकट ॲप स्वतःचा वॉटरमार्क टाकतात, ते आधी बघून घ्या.

पहिला शॉट पाटीचाच. वाचता येईल इतका वेळ, म्हणजे साधारण तीन सेकंद. लोगो, चॅनेलची धून, ‘नमस्कार मंडळी’ काही नको. पंचनंतर, म्हणजे हशा पिकवणाऱ्या वाक्यानंतर, ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावर १० ते १५ फ्रेम (साधारण अर्धा सेकंद) थांबा. लगेच कापलंत तर हसायला जागा राहत नाही, फार थांबलात तर तुम्ही हशा मागताय असं दिसतं. रेकॉर्ड केलेला हशा घालू नका.

सबटायटल मराठीतच द्या. पुष्कळ लोक आवाज बंद ठेवून बघतात. एकावेळी दोन ओळी, पांढरी अक्षरं, काळी कड. मुक्ता किंवा बालू हे फुकट युनिकोड फाँट छोट्या पडद्यावर नीट वाचता येतात. जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटमध्ये टाइप केलेली संहिता चिकटवली तर अक्षरांचा चिवडा होतो. ॲडोबी प्रीमियर या एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये जोडाक्षरं तुटत असतील तर सेटिंगमध्ये टेक्स्ट इंजिन ‘साउथ एशियन’ करा. उभ्या व्हिडिओत खालचा साधारण पाचवा भाग बटणं आणि कॅप्शन झाकतात, अक्षरं त्याच्या वर घ्या. ‘तसलं’ हा शब्द मोठा किंवा लाल करू नका. प्रेक्षकाला तो स्वतः सापडू द्या.

९. अपलोड आणि त्यानंतरचे दोन दिवस

यूट्यूब शॉर्ट्स तीन मिनिटांपर्यंत चालतात. १५ ऑक्टोबर २०२४ च्या आधी ही मर्यादा एक मिनिट होती. इन्स्टाग्राम रीललाही आता तीन मिनिटं चालतात. आपलं स्किट २ मिनिटं ५५ सेकंदांत बसवा. चॅनेलचं छोटं नाव चौकटीत मध्याजवळ, फिकट ठेवा. कोपऱ्यातलं नाव कापून व्हिडिओ चोरणं सोपं असतं. शीर्षकात शेवट फोडू नका. ‘मागची लिफ्ट’ पुरे.

अपलोड करण्याआधी यूट्यूब स्टुडिओत रोखायच्या शब्दांची यादी भरा. शिव्या आणि जातिवाचक शब्द देवनागरीत आणि रोमन लिपीतल्या त्यांच्या सगळ्या स्पेलिंगसकट टाका, कारण लोक शिव्या बहुतेक रोमनमध्ये देतात. पहिले ४८ तास दोघांनी पाळीपाळीने कमेंट बघायच्या. ‘ही तर आमचीच सोसायटी’ म्हणून खरं नाव लिहिणाऱ्या कमेंट लगेच काढा, त्यांतून बदनामीचा धागा तुमच्यापर्यंत येऊ शकतो. सगळ्यात घाण कमेंट बहुधा महिला कलाकारांच्या वाट्याला येतात. त्यांचं वैयक्तिक खातं टॅग करायचं की नाही हे त्यांना विचारा. धमकी आली तर आधी लिंक आणि वेळेसकट स्क्रीनशॉट, मग राष्ट्रीय सायबर क्राइम पोर्टलवर तक्रार, मग ब्लॉक. हा क्रम उलटला की पुरावा जातो.

कॉपीराइटच्या दोन गोष्टींत गल्लत करू नका. ‘क्लेम’ म्हणजे गाण्याच्या मालकाला जाहिरातीचे पैसे जाणं किंवा व्हिडिओ काही ठिकाणी किंवा कुठेच न दिसणं. त्याने चॅनेलला धोका नसतो. ‘स्ट्राइक’ वेगळा: ९० दिवसांत तीन झाले तर चॅनेल बंद होऊ शकतं. स्ट्राइक चुकीचा असेल तर प्रति-नोटीस देता येते, पण तिच्यात तुमचं खरं नाव आणि पत्ता समोरच्याला जातो. टीका करणाऱ्यांना गप्प करायला हा मार्ग वापरला जातो, म्हणून फाइलमधला संगीत परवाना हाताशी ठेवा.

पैशाबद्दल थोडक्यात: यूट्यूबवर जाहिरातीतला वाटा मिळायला १,००० सबस्क्रायबर आणि बारा महिन्यांत व्हिडिओ पाहिले गेल्याचे ४,००० तास, किंवा ९० दिवसांत शॉर्ट्सचे १ कोटी व्ह्यूज लागतात. त्याआधी एखाद्या बिल्डरची जाहिरात दारात आली तर ती याच स्किटला जोडायची का, हे एकत्र बसून ठरवा. घेतलीत तर ‘जाहिरात’ असं सुरुवातीलाच, वाचता येईल अशा अक्षरात लिहावं लागतं.

आठवड्याने प्रेक्षक कुठे गळाले त्याचा आलेख उघडा. सीएंच्या प्रवेशात रेघ खाली येत असेल तर तो लांबलाय. पहिल्या पाच सेकंदांतच पडत असेल तर पाटी वाचता येत नाही. आणि चेअरमनच्या त्या चार सेकंदांवर रेघ वर उचलली गेली असेल, तर लोक तेवढा भाग मागे नेऊन पुन्हा बघतायत.